डायवरचा कोलस, माझं करोटन

आमच्या गल्लीत नवी भाडेकरीण आली आहे. परवा तिनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "काका, दाराशी शोभेचं काहीतरी लावायचंय. करोटन लावू का कोलियस?"

मी तिसरी शिकलो, तीही अर्धी. पण भिंत आणि करोटन या दोन गोष्टींत मला कुणी शिकवायचं काम नाय. "करोटन" म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "बाई, घाई नाय ना? आमच्या डायवरचं काय म्हणणं होतं ते आधी सांगतो."

बाईला घाई होती. ती गेली. म्हणून मग हे लिहायला बसलो.

डायवर म्हणजे उत्तम खरात. एसटीच्या लाल गाडीवर डायवर होता, जास्त करून सोयगाव मुक्कामी. संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, रात्री तिथंच पडायचं, सकाळी पॅशिंजर भरून परत यायचं. रिटायर झाला आणि गारखेड्यात माझ्या घराला लागून घर बांधलं. बांधलं म्हणजे मीच बांधलं, मी गवंडी. दोघांच्या मधली भिंतही माझीच. मी त्याला डायवर म्हणायचो, तो मला मिस्त्री. मी रामराम घालायचो, तो जयभीम म्हणायचा. दोघांचंही काम भागायचं.

रोज सकाळी तो त्या भिंतीच्या टोकाला उभा राहायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, दोन सूत बाहेर आहे."

"तुझी नजर बाहेर आहे," मी म्हणायचो.

मी ओळंबा लावून दाखवला. ओळंबा बघून तो म्हणाला, "हा पण वाकडा आहे." असा माणूस.

त्याच्या दाराच्या चौकटीला सायकलची घंटी ठोकलेली होती. लाल गाडीचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. डायवरच्या घरी हाच कायदा. आलेल्या माणसानं एकदा वाजवायची, आत यायचं. जाताना दोनदा वाजवायची. चुकून कुणी येताना दोनदा वाजवली तर आतून आवाज यायचा, "बरं, या मग परत." आणि दार उघडायचा नाय. जावई पहिल्यांदा आला तेव्हा असाच बाहेर उभा होता, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

बोलणं कंटाळवाणं झालं की डायवर स्वतः उठायचा, दोनदा घंटी मारायचा आणि आत निघून जायचा. समोरचा बोलत राहिला तर राहिला.

मी एकदा विचारलं, हे काय खूळ रे? तर म्हणाला, "मिस्त्री, गाडी मी हाकली, घंटी कंडक्टरनं मारली. जिंदगीभर दुसऱ्याच्या घंटीवर थांबलो आन दुसऱ्याच्या घंटीवर निघालो. आता घंटी माझी."

मी त्या घंटीला कधी हात लावला नाय. मी कुणाच्या घंटीवर येणारा-जाणारा माणूस नव्हे. मी खाकरायचो. त्याला कळायचं.

आता झाडांचं.

भिंतीवर माझ्या बाजूला करोटन, त्याच्या बाजूला कोलस. कोलियस म्हणायला हवं, पण डायवर कोलस म्हणायचा, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. करोटन म्हणजे जाड, चामड्यासारखं पान. पिवळं, लाल, हिरवं, एकाच पानात सगळं. उन्हात ठेवा, रंग आणखी चढतो. पाणी आठ दिवसांनी घातलं तरी कुरकुर नाय. शेळी तोंड लावत नाय. फांदी मोडली तर चीक येतो, आणि तो सदऱ्याला लागला की सदरा गेला, एवढी एक खोड. कोलस म्हणजे मखमलीसारखं मऊ पान, मधी जांभळं, कडेला पोपटी. दिसायला छान, मी नाय म्हणत नाय. पण नखरा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी बारा वाजले की सगळी पानं खाली, जसं काय घरात कुणी गेलं. पाणी घाला, घटकाभरात पुन्हा टवटवीत.

आणि पाणी कुठं आहे? आमच्याकडं नळ रोज येत नाय. कधी आठवडा जातो. ज्या दिवशी येतो त्या दिवशी माणसं लग्नाला जायचं सोडतात. अशा गावात कोलस पाळायचा म्हणजे भाड्याच्या घरात हत्ती बांधायचा. डायवर तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं बादलीत जमा करायचा. पाहुणा अर्धा पेला पाणी पिऊन ठेवायचा, तर उरलेलं डायवर कोलसाला घालून यायचा. पाहुण्यासमोरच.

"डायवर, हे झाड आहे का सोयरा?" मी म्हणायचो.

"पॅशिंजर आहे, मिस्त्री. उन्हात मान टाकतो, पाणी दाखवलं की उठून बसतो. आन कुठं पण उतरवला तरी तिथला होतो. तुझं करोटन म्हणजे कंडक्टर. चामड्याची बॅग, अंगावर सगळे रंग, पर तोंडावर हसू नाय. हात लावला तर प्लास्टिक."

प्लास्टिक. हा शब्द त्यानं मला किती वर्षं ऐकवला ते मी मोजलं नाय, पण एकदाही विसरलो नाय.

कोलसाची गंमत अशी की तो काडीवर जगतो. शेंडा तोडायचा, पाण्याच्या बाटलीत ठेवायचा, मुळं सुटली की कुंडीत. जुनं झाड खालून लाकूड होतं, ते टाकून द्यायचं. डायवरनं पहिली काडी सोयगावच्या मुक्कामाच्या खोलीमागून आणली होती, पाण्याच्या बाटलीत घालून, स्टेअरिंगशेजारी ठेवून. त्याच काडीची काडी, तिची काडी. फुलाचा तुरा आला की नखानं खुडायचा. "फूल आलं की झाड म्हातारं होतं," म्हणायचा. त्याची बायको सुमनवहिनी म्हणायची, "माझ्या डोक्यात कधी फूल माळलं नाय, आन झाडाचं पण खुडतात."

एका साली मी फाटक मोठं केलं, पोराच्या गाडीसाठी. त्यात माझं जमिनीतलं जुनं करोटन आडवं आलं. ते उपटून चार हात पलीकडं लावलं. करोटनाला जागा बदललेली खपत नाय. आठ दिवसांत एकूण एक पान खाली. नुसता सांगाडा उभा. डायवर आला, टोपी काढली, सांगाड्यापुढं मान खाली घालून उभा राहिला. मग मला हळूच म्हणाला, "उचलायचं किती वाजता आहे?"

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाय. पण खोडाला नख लावून बघितलं, आतून हिरवं होतं. पाऊस पडला तसे कोंब आले. मी डायवरला हाताला धरून आणला. "बघ. पानं टाकली, जीव नाय टाकला."

त्यानं कोंबाला बोट लावून बघितलं. म्हणाला, "पर किती तमाशा केला."

सुमनवहिनी गेली तेव्हापासून त्याची पोरगी वैशाली त्याला पुण्याला चला म्हणायला लागली. फ्लॅट होता, वर लिफ्ट होती, नळाला रोज पाणी होतं. डायवर म्हणायचा, "मुक्कामी गाडी कुठं पण मुक्काम करू दे, सकाळी डेपोत येती. हा माझा डेपो." शेवटी बापलेकीत ठरलं, आणि माझ्यासमोर ठरलं. वैशाली म्हणाली, "पप्पा, तुमचं तुम्हाला सगळं करता येतंय तोवर राहा. ज्या दिवशी येत नाही असं मला दिसलं, त्या दिवशी मी नेणार. मग बोलायचं नाही."

"ठरलं," डायवर म्हणाला.

ती गेल्यावर मी त्याला डिवचलं. "जिंदगीभर कोलसाचं कौतुक सांगितलं, कुठं पण उतरवला तर तिथला होतो. मग पुण्याचा का होत नाय?"

"काडी जाते, मिस्त्री. जुनं खोड नाय जात."

मला बरं वाटलं. पहिल्यांदाच तो करोटनासारखं बोलला.

त्याचं एक वाक्य मात्र मला तेव्हा नीट समजलं नव्हतं. कुणी विचारलं की एवढ्या वर्षांत अपघात कसा नाय झाला, तर तो म्हणायचा, "डायवरनं बायकोशी खोटं बोलावं, साहेबाशी बोलावं. काचेशी बोलू नये." काच म्हणजे समोरची. अंधुक दिसलं की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, काच पुसायची. काच पुसून पण दिसलं नाय तर मग काच नाय खराब, एवढंच.

एका दिवाळीनंतर त्यानं भिंत वाकडी आहे म्हणायचं बंद केलं. मला वाटलं, पटलं.

त्याच दिवाळीला वैशाली येऊन गेली. ती गेली आणि सकाळी बघतो तर भिंतीवर, माझ्या करोटनाच्या अगदी तोंडासमोर, डायवरच्या बाजूला एक कुंडी. कुंडीत करोटन. प्लास्टिकचं. गुलमंडीच्या बाजारात दुकानाबाहेर टांगलेली असतात, तसलं.

मला कळायचं ते कळलं. इतकी वर्षं तोंडानं प्लास्टिक म्हणत होता, आता आणून पुढ्यात मांडलं. मी खाकरायचं बंद केलं. तो भिंतीपलीकडून म्हणाला, "मिस्त्री, बघितलं का? आमच्याकडं पण करोटन आलं."

मी म्हणालो, "बघितलं."

"कसं आहे?"

"तुला शोभतं," मी म्हणालो आणि आत गेलो.

थंडी सगळी अबोल्यात गेली. तो भिंतीपाशी यायचा, हाका मारायचा, मी घरात असून नसायचो. माझी बायको म्हणाली, म्हातारे झालात, एका झाडावरून कसला अबोला. मी म्हणालो, झाड असतं तर नसता धरला.

मग उन्हाळा आला. नळ आणखी लांबला. एका सकाळी मी गच्चीवर टाकी बघायला गेलो होतो. खाली डायवर बादली घेऊन आला. भिंतीला एक हात लावून, कुंड्या चाचपत पुढं सरकत होता, गाडीत माणसं मोजावीत तसा. पहिली कुंडी, कोलस. पान बोटात धरलं, दांडा चाचपला, कोलसाचा दांडा चौकोनी असतो, आणि अर्धा तांब्या घातला. दुसरी कुंडी, तसंच. तिसरी कुंडी प्लास्टिकच्या करोटनाची. त्याचं पान त्यानं अंगठ्यानं पुसलं. बोटाचं पेर मातीत घालून ओल बघितली. आणि मोठ्या काळजीनं, कडेकडेनं, एक थेंब बाहेर न सांडता, पाणी घातलं.

मी टाकीचं झाकण हातात धरून उभा राहिलो.

पोरीनं करोटन आणलं होतं बापाला, शेजारच्या काकाला चिडवता यावं म्हणून. ते प्लास्टिकचं आहे हे सांगायची गरज तिला वाटली नसणार. दिसत होतं.

मी खाली आलो, भिंतीपाशी गेलो आणि खाकरलो.

डायवर दचकला. मग म्हणाला, "काय मिस्त्री, तोंड आलं का ठिकाणावर?"

"आलं."

"बरं झालं. तुला एक सांगायचं होतं, पर तू बोलशील तर." त्यानं त्या प्लास्टिकच्या पानावरून हात फिरवला. "तुझं करोटन इमानदार आहे. एवढा उन्हाळा, एक पान टाकलं नाय. मान टाकली नाय. कोलसानं दोनदा जीव खाल्ला माझा. मी मागं लई बोललो. माझं चुकलं."

किती वर्षं मी हे ऐकायला थांबलो होतो. आणि आलं ते असं आलं. मी म्हणालो, "असू दे."

"असू दे काय? जिंकलास तू."

"व्हय," मी म्हणालो.

मे महिन्यात वैशाली आली, नवरा आणि गाडी घेऊन. मी ओट्यावर बसलो होतो. डायवरनं घर लख्ख केलं होतं, चहा स्वतः केला, कप मोजून आणले, सांडला नाय. त्याला घरातला प्रत्येक दगड पाठ होता, जसा सोयगावचा रस्ता पाठ होता. वैशाली खूश दिसली. मग कप धुवायला बाहेर आली आणि भिंतीपाशी थबकली. प्लास्टिकच्या करोटनाच्या कुंडीत पाणी तुंबलं होतं, मातीवर शेवाळ धरलं होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "याला पाणी कोण घालतं?"

डायवर दारात उभा होता. त्याला प्रश्न कळला नाय. पण पोरीचा आवाज कळला. त्याचा हात चौकटीवर गेला, घंटीच्या शेजारी.

आता मी सांगितलं ना, भिंत आणि करोटन. या दोन गोष्टींत मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. सगळ्या गल्लीला ते ठाऊक आहे. समोरच्या घरातल्या बायाही ओट्यावरच होत्या, शेंगा फोडत.

"मी घालतो," मी म्हणालो.

"काका?" वैशाली वळली. "काका, हे प्लास्टिकचं आहे."

"असं व्हय," मी म्हणालो.

शेंगा फोडायच्या थांबल्या.

"तुम्हाला कळलं नाही? तुमच्याकडं तर खरं आहे की!"

"हल्ली लई चांगली करतात," मी म्हणालो. "मला वाटलं, डायवर पाणी घालत नाय, तर आपण घालावं. भिंतीपलीकडून हात पुरतो."

वैशाली हसायला लागली. जावई हसला. समोरच्या बाया तर पदर तोंडात धरून. त्या दिवसापासून गल्लीत मला प्लास्टिकवाले आजोबा म्हणतात. म्हणू द्या. मी कुणाला खुलासा दिला नाय, आजही फक्त लिहितोय.

डायवर हसला नाय. तो दारातून सावकाश भिंतीपाशी आला, पोरीच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "मिस्त्रीला मी सांगणारच होतो. पर म्हातारा एवढ्या मायेनं घालत होता, म्हटलं घालू दे."

वैशाली दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली, बापाला न घेताच. बापाचं सगळं ठीक आहे, काकांकडं जरा लक्ष द्यायला हवं, असं माझ्या बायकोला सांगून गेली.

त्या संध्याकाळी डायवर भिंतीपाशी बराच वेळ उभा होता. प्लास्टिकचं एक पान बोटात धरून चिमटीनं फाडायला बघत होता. फाटलं नाय. मग वास घेतला.

"कधीपासून ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"बरं," तो म्हणाला. मग पान सोडून म्हणाला, "म्हणजे तू जिंकला नव्हतास."

"नाय."

"मग माझं माफी मागितलेलं परत घेतो."

"घे."

पावसाळाभर तो तिथंच राहिला. मी रोज काहीतरी निमित्तानं जायचो. दुधाची पिशवी, गोळ्यांची चिठ्ठी. डॉक्टरचं इंग्रजी मला पण धड वाचता येत नाय, पण त्याच्यापेक्षा दिसत तरी होतं. दोघं मिळून एक माणूस पुरा व्हायचा. डॉक्टरकडं घेऊन गेलो. काचबिंदू म्हणाले. गेलेली नजर येणार नाय, आहे ती थेंब घालून टिकवा. एकदा गॅसची शेगडी आत चालू राहिली, मी वासावर गेलो. खटका बंद केला, खिडक्या उघडल्या.

पाऊस सरता सरता एका सकाळी त्यानं मला हाक मारली. कोलसाचा शेंडा तोडून पाण्याच्या बाटलीत घातला होता, मुळं सुटली होती.

"वैशालीला फोन केला," म्हणाला. "रविवारी ये म्हटलं."

"कशाला? तिला काय ठाऊक आहे?"

"तिला नाय ठाऊक. मला आहे. मिस्त्री, काच पुसून बघितली." त्यानं बाटली हातात फिरवली. "काच साफ आहे."

मग मला समजलं त्याचं ते वाक्य. मी वाद घालायला तोंड उघडलं. वाद घालण्यात माझा हात धरणारा गल्लीत दुसरा नाय.

"जुनं खोड जात नाय म्हणालास," एवढंच म्हणालो.

"तुझं करोटन गेलं की चार हात. पानं टाकली, जीव नाय टाकला. तूच दाखवलंस ना हाताला धरून?"

रविवारी गाडी आली. सामान थोडंच. कुलूप लावायच्या आधी तो भिंतीपाशी आला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत चालला.

"मिस्त्री, भिंत सरळ आहे."

"आत्ता कळलं?"

"हाताला सरळ लागती. डोळ्याला वाकडी होती."

प्लास्टिकचं करोटन त्यानं उचलून माझ्या बाजूला ठेवलं. "याला पाणी घालत जा. तुझी सवय मोडू नको."

मग गाडीत पुढच्या सीटवर बसला, बाटली दोन पायांत धरून, काडी बाहेर डोकावत होती. वैशाली मागं बसली. तिनं डोळे पुसले, बापानं का बोलावलं ते तिला सकाळीच कळलं होतं. जावयानं गाडी चालू केली.

"थांबा," डायवर म्हणाला. "डबल झाली नाय."

जावई म्हणाला, "पप्पा, घंटी घराला आहे. गाडीला नाही."

"मला ठाऊक आहे कुठं आहे." त्यानं काच खाली केली, तोंड माझ्याकडं केलं. माझ्याकडं म्हणजे माझ्या जरा डावीकडं. "मिस्त्री, मार."

मी घंटीपाशी गेलो. इतकी वर्षं हात लावला नव्हता. गंजली होती, अंगठा जोरानं दाबावा लागला.

ट्रिंग.

एक. मी हात काढून घेतला.

जावयाला नियम माहीत होता, पहिल्यांदा आला तेव्हाच पेढे घेऊन शिकला होता. त्यानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी. समोरच्या बाया उभ्या. मी पण घंटीकडंच बघत उभा होतो, जसं काय बिघडली आहे.

खिडकीतून डायवरचा हात बाहेर आला. हसल्याचा आवाज आला.

"ए कंडक्टर," तो म्हणाला. "पॅशिंजर खोळंबलेत. पुरी मार."

मी दुसरी मारली.